खिडकीकडची अर्धी जागा

घरात सून एकच होती, तरी तिला धाकटी म्हणत. लग्न होऊन आली त्या दिवसापासून सासूबाईंची हाक 'धाकटे' अशीच होती, आणि थोरली कोण हे विचारायची सोय नव्हती, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. थोरली त्याच्या दोन वर्षं आधीच रीतसर सोडचिठ्ठीचे कागद करून घरातून गेली होती. ती गेली, तिचं कपाट गेलं, भिंतीवरचा फोटो गेला, पण क्रमांक मात्र तसाच राहिला. धाकटी नऊ वर्षं त्या क्रमांकावर निमूटपणे राहत आली होती.

दुकानात तिची जागा काउंटरवर. कपडे घ्यायचे, पावती फाडायची, तारीख सांगायची, तारीख उलटली की गिऱ्हाइकाची समजूत काढायची. माप घ्यायचं काम तिच्या नवऱ्याचं. गळ्यात टेप टाकून तो गिऱ्हाइकाभोवती असा फिरायचा की त्या माणसाला आपण कोणीतरी मोठे आहोत असं वाटू लागे. कापायचं काम नणंदेचं. तिने लग्न केलं नव्हतं. वडिलांनी जिथे कात्री खाली ठेवली तिथून तिने उचलली होती. सगळी गल्ली तिला 'मास्तर' म्हणे. घरात ती ताई.

जागेचा मालक सोमवारी सकाळी आला तो हातात टेप घेऊनच. टेलरच्या दुकानात स्वतःचा टेप घेऊन येणारा माणूस काही चांगल्या मनाने आलेला नसतो, हे धाकटीने तेव्हाच ओळखलं. त्याने दारापासून कापायच्या टेबलापर्यंत मोजलं, मग खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत.

"पुढची अर्धी जागा तुम्ही वापरतच नाही," तो म्हणाला. "दोन मशीनवाले होते तेव्हा गोष्ट वेगळी होती. आता शिवायला तुम्ही बाहेर देता, तिथे एक पुतळा उभा आहे फक्त."

"पुतळ्याला कोट आहे," नवरा म्हणाला.

"कोट मलाही आहे. मी कुठे जागा अडवून उभा राहतो?" मालकाने टेप गुंडाळला. "मध्ये भिंत घालतो. जावयाला मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकायचंय."

ताईची कात्री चालूच होती. ओळीच्या शेवटापर्यंत कापून झाल्यावर ती म्हणाली, "खिडकी एकच आहे. भिंत घातलीत तर मी आत काय चाचपडत कापू?"

मालक तसा वाईट नव्हता. ताईच्या वडिलांनी शिवलेल्या कोटातच त्याचं लग्न लागलं होतं. तो थोडा घुटमळला. "मग तुम्हीच आणा कोणीतरी. तुमच्या धंद्याला जुळणारं, भिंत नको म्हणणारं. जागेचं भाडं अर्धं त्याने द्यावं. पहिल्या तारखेपर्यंत वाट बघतो."

पहिल्या तारखेला अठरा दिवस होते.

सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून सगळे कापायच्या टेबलाभोवती बसले. घरी बसता आलं असतं, पण सासूबाईच म्हणाल्या, दुकानाचं बोलणं दुकानात व्हावं. त्या कधी नव्हे त्या जिना उतरून, दोन रस्ते ओलांडून आल्या आणि सासऱ्यांच्या उंच स्टुलावर बसल्या. पाय जमिनीला टेकत नव्हते. धाकटीने त्यांच्या पायाखाली कापडाचा एक गठ्ठा सरकवला.

"बोला," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने यादी केली होती. त्याला याद्या आवडत. "बटणं आणि लेस विकणारा एक आहे, पण त्याला अख्खी खिडकी लागते. एक चाव्या बनवणारा आहे."

"चाव्यांचा आपल्या धंद्याशी काय संबंध?" ताईने विचारलं.

"खिसे शिवतो आपण. चाव्या खिशात जातात."

सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने यादीवर रेघ मारली. "इस्त्रीवाला आहे. पण त्याच्या वाफेने कापड ओलसर होतं, हे ताईच म्हणेल. मग ती माशांच्या टाक्या विकणारी बाई–"

"दादा, यादी ठेव बाजूला," ताई म्हणाली. "माझ्याकडे माणूस आहे. रफूचं काम करणारं. बाजारापलीकडच्या लाँड्रीत एक कोपरा होता, ती लाँड्री या महिन्यात बंद होतेय. जागा थोडी लागते, आवाज नाही, वाफ नाही, वास नाही. आपल्याकडे दुरुस्तीला येणारं निम्मं काम नाहीतरी रफूचंच असतं आणि ते आपण परत पाठवतो. गिऱ्हाईक तेच, काम वेगळं. कोणी कोणाच्या पायात येणार नाही."

"रफूवाला," नवरा म्हणाला. "बरं आहे की. माणूस कसा आहे?"

ताईने टेबलावरचा खडू उचलला आणि परत ठेवला. सासूबाई खिडकीकडे बघत होत्या. धाकटीला तेव्हाच कळलं की हे दोघींचं आधी बोलून झालेलं आहे.

"वहिनी आहे," ताई म्हणाली.

नवऱ्याने आधी धाकटीकडे पाहिलं. "ही? हिला कुठे रफू येतं?"

"ही नाही. वहिनी."

बाहेरून कोणीतरी अर्ध्या शटरखालून वाकून "चालू आहे का?" असं विचारलं, आणि धाकटीने सवयीने सांगितलं, "उद्या या." त्या माणसाची पावलं दूर जाईपर्यंत सगळे थांबले.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" नवऱ्याने अगदी हळू विचारलं. त्याचा आवाज रागाने चढत नसे, खाली जाई. "अकरा वर्षं झाली. ती कुठे असते, काय करते, हे मला माहीतसुद्धा नाही. आणि तुला बरं माहीत, लाँड्रीतला कोपरा आणि ती लाँड्री कधी बंद होतेय ते."

"मला माहीत आहे, कारण मी तिला काम पाठवते."

"कसलं काम?"

"रफूचं. मघाशी म्हणाले परत पाठवतो, ते खरं नाही. परत पाठवत नाही. तिच्याकडे पाठवते."

"कधीपासून?"

"ती गेली त्या महिन्यापासून."

नवऱ्याने टेबलाची कड धरली. मग तो आईकडे वळला. "ऐकतेयस का? आपल्या दुकानातून, माझ्या नाकाखालून–"

"माझी शालही तिनेच केली," सासूबाई म्हणाल्या. "कसर लागली होती ती. तू म्हणालास ना, नवीनच दिसतेय."

नवऱ्याच्या हातातून कोणीतरी टेप काढून घ्यावा तसा तो उभा राहिला. घरातल्या दोन बायका आपल्याला इतकी वर्षं अंधारात ठेवतात, हे पचवायला त्याला वेळ लागत होता. मग त्याला आठवलं की तिसरीही आहे, आणि ती आपली आहे. तो धाकटीकडे वळला. "बघितलंस? तुझ्या समोर, तू रोज काउंटरवर बसतेस तिथून हे चाललं होतं. तुलासुद्धा यांनी पत्ता लागू दिला नाही."

आता मूग गिळून बसलं असतं तर भागलं असतं. पण थेट विचारल्यावर खोटं बोलायची धाकटीला सवय नव्हती. विचारलं नाही तर सांगायची मात्र नव्हती, आणि नऊ वर्षं तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

आता दचकायची पाळी ताईची होती. "तुला कसं?"

"दुसऱ्या वर्षीच लक्षात आलं. सोमवारी खाकी पिशवीतून कपडे जायचे, गुरुवारी यायचे. येताना घडी वेगळी असायची. बाह्या आत घेतलेल्या. आपल्याकडे अशी घडी कोणी घालत नाही." ती जरा थांबली. "आणि रफू कुठे आहे ते मला कधी सापडायचं नाही. मी शोधायचे. पिशवीतल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, डावी बाही, कोपराजवळ. तिथे काहीच नसायचं."

सासूबाईंच्या तोंडावर हसू आलं, आणि त्यांनी ते पदराने पुसल्यासारखं पुसलं.

नवरा खुर्चीत बसला. "म्हणजे मी एकटाच," तो म्हणाला.

ते खरंच होतं.

"ठीक आहे. पण ती इथे येणार नाही. माझ्या दुकानात, माझ्या खिडकीत, सगळ्या गल्लीसमोर ती येऊन बसणार आणि मी तिच्यासमोर लोकांची मापं घेणार? हिचा तरी विचार करा," त्याने धाकटीकडे बोट केलं. "हिला काय वाटेल?"

"हिचा विचार तू करतोयस?" ताई म्हणाली. इतका वेळ तिने आवाज धरून ठेवला होता, तो आता सुटला. "नऊ वर्षं ही खिडकीत एक मशीन मागतेय. लहान मुलांचे कपडे शिवीन म्हणतेय. तू म्हणतोस तिथे पुतळा शोभतो. हिच्या वाटण्याचं तू मला सांगू नकोस. तुला काय वाटतंय ते सांग. की मी सांगू? रफू कोणाचं होतं, दादा?"

"ताई," सासूबाई म्हणाल्या, "पुरे."

"नाही आई. लोक दुसऱ्या गावाहून कपडे घेऊन यायचे याच्याकडे. तुमच्या बोटांत काय आहे हो, असं विचारायचे. आणि हा हसायचा. मागच्या खोलीत तिचे डोळे जात होते आणि पुढे हा हसत होता. ती गेल्यावर सगळ्यांना सांगितलं, माझी नजर कमी झाली, आता रफू घेत नाही. अजून सुईत दोरा ओवतो हा चष्म्याशिवाय."

नवरा उठला. मागच्या खोलीत गेला आणि थोड्या वेळाने तिथून इस्त्रीचा आवाज येऊ लागला. सुट्टीच्या दिवशी इस्त्री करायला तिथे काहीही नव्हतं.

धाकटी जागची हलली नाही. ती एक जुना हिशेब मनात पुन्हा मांडत होती, आणि या वेळी उत्तर वेगळं येत होतं. नऊ वर्षं तिला वाटत आलं होतं की नवरा थोरलीचा विषय काढत नाही, कारण तो विषय त्याला सोसत नाही. त्याच्या मनात ती अजून कुठेतरी बसलेली आहे. म्हणून तर त्या जागेबद्दल तिने कधी विचारलं नाही. आणि आता कळत होतं की तिथे कोणी बाई बसलेलीच नव्हती. एक थाप बसली होती फक्त.

"मग?" सासूबाईंनी विचारलं. "तुझं काय म्हणणं धाकटे? तू म्हणशील तसं करू. हे मी मनापासून सांगतेय. तुझ्या जिवाला त्रास होणार असेल तर चावीवाला आणू."

धाकटीने काउंटरच्या खणातून टेप काढला. "मी बघून येते," ती म्हणाली.

लाँड्रीत निम्मी कपाटं रिकामी झाली होती. कोपऱ्यात, रस्त्याकडच्या काचेला अगदी चिकटून एक बुटकं टेबल होतं आणि त्यावर एक बाई वाकली होती. पन्नाशीची, केस आखूड कापलेले, चष्म्यावर आणखी एक भिंग अडकवलेलं. धाकटीने मनात जिला पाहिलं होतं ती उंच होती आणि देखणी होती. ही तिच्याहून बोटभर बुटकीच निघाली.

"काय फाटलंय?" त्या बाईने वर न बघता विचारलं.

"काही नाही. मी टेलरच्या दुकानातून आले."

सुई थांबली. थोरलीने भिंग वर केलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. धाकटीने नजर चोरली नाही. तिला वाटलं, एवढा हक्क आहे हिला.

"तुम्ही सांगायला आलात की विचारायला?" थोरलीने विचारलं.

"मोजायला," धाकटी म्हणाली आणि टेप दाखवला.

थोरली हसली नाही, पण शेजारच्या स्टुलावरचे कपडे तिने उचलून दुसरीकडे ठेवले. धाकटीने आधी खरोखरच टेबल मोजलं, आणि मग बसली.

"तुम्हाला खिडकी लागेल," ती म्हणाली.

"त्याशिवाय कामच होत नाही. कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागा काढायचा आणि त्याच कपड्यात एकेक उभा, एकेक आडवा विणायचा. दिव्याच्या उजेडात काळा आणि निळा मला सारखाच दिसतो."

"खिडकी मलाही हवी आहे. नऊ वर्षं मागतेय. आता पुतळा जाणार म्हटल्यावर ती तुम्हाला द्यायची, हे काही मला जमणार नाही."

बोलल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. घरात एवढं सरळ ती कधी बोलली नव्हती. थोरलीने मात्र हे अगदी धंद्याचं बोलणं म्हणून घेतलं. तिने डोळ्यांवरून हात फिरवला. "ऊन तिथे कधी येतं? मी होते तेव्हा दुपारी यायचं. समोर ती उंच इमारत झाली त्यानंतरचं मला माहीत नाही."

"आताही दुपारीच. दोननंतर."

"ऊन मला नको असतं. उन्हात रंग उडाल्यासारखे दिसतात. मला सकाळचा उजेड हवा. माझं टेबल डाव्या बाजूला आडवं लावा, तुमचं मशीन उजव्या बाजूला. दोननंतर मी आत सरकते, तुम्ही मशीन मध्ये ओढा. तुमच्या मशीनला चाकं आहेत?"

"लावून घेईन."

"मग झालं."

धाकटीला विचारायचं होतं ते एकच होतं, आणि ते विचारल्याशिवाय तिला उठता येईना. "तुम्ही गेलात का?" ती म्हणाली. "ताईंनी आज सांगितलं. पण तेवढ्यासाठी कोणी जात नाही."

थोरलीने सुईतला दोरा काढून घेतला, जणू आता ही बैठक लांबणार.

"तेवढ्यासाठी नाहीच गेले. सुरुवातीला मीच म्हटलं होतं, तुम्ही पुढे बोला, मला लोकांशी बोलता येत नाही. ते बोलायचे, मी करायचे. बरं चाललं होतं. एक दिवस कोणीतरी मोठा माणूस आला, मी शेजारीच उभी होते. त्याने विचारलं, हे कोणी केलं? हे म्हणाले, मी. त्यात नवीन काही नव्हतं, रोजचंच होतं. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं." तिने भिंग पुसलं. "खोटं बोलणाऱ्या माणसाबरोबर राहता येतं हो. त्याला आपण आहोत हे माहीत असतं. त्या दिवशी त्यांच्या लेखी मी तिथे नव्हतेच."

धाकटी मान डोलावत राहिली. तिला पुतळ्यावरचा कोट आठवला, नऊ वर्षांपूर्वी मशीनची गोष्ट पहिल्यांदा काढली तो दिवस आठवला. तेव्हा नवरा तिच्यावर रागावला नव्हता. तो फक्त दुसरीकडे बघून काहीतरी दुसरंच बोलू लागला होता.

"माझी एक अट आहे," थोरली म्हणाली. "माझं काम माझ्या हातात यावं. पावती वेगळी. कोणी विचारलं कोण करतं, तर बोट माझ्याकडे. पाटी नको, बोट पुरे."

"माझीही एक आहे. घरातलं काही दुकानात बोलायचं नाही. आणि त्यांना तोंडघशी पाडायचं नाही. मला त्यांच्याबरोबर राहायचंय."

"कबूल," थोरली म्हणाली. "मला त्यांचं काही वाकडं करायचंच नाहीये. मला उजेड हवाय."

निघताना धाकटी दारात थांबली. "तुम्हाला हाक काय मारू?"

थोरलीला हे अवघड वाटलं असावं. नात्याला शब्द नव्हता. सवत म्हणावं तर ती आता बायको नव्हती, जाऊ म्हणावं तर नवरे दोन हवेत. "इथे सगळे रफूवाली म्हणतात," ती शेवटी म्हणाली. "तुम्हीही तेच म्हणा."

संध्याकाळी घरी नवरा गॅलरीत बसला होता. धाकटीने चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि समोर बसली.

"एक तारखेला येतायत त्या. खिडकी आम्ही वाटून घेतली. सकाळी त्यांची, दुपारी माझी."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. मग मला तुमच्या विरुद्ध जावं लागलं असतं. तसं करायचं नव्हतं, म्हणून विचारलं नाही."

त्याने चहाचा एक घोट घेतला. "लोक विचारतील."

"लोक कपडे न्यायला येतात."

"तुला कळत नाहीये. वीस वर्षं ज्या गोष्टीसाठी लोक मला ओळखतात–"

"अहो," ती मध्येच म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटत होतं की तुम्ही त्यांना विसरला नाहीत. म्हणून नाव काढत नाही."

नवऱ्याने तिच्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्याने पाहिलं. "छे. ते कधीच संपलं. तुझ्या डोक्यात काहीतरीच."

त्याला वाटलं, बायकोची समजूत पटली. पटलीही होती. धाकटीला हलकं वाटलं, आणि त्याबरोबरच आणखी काहीतरी हातातून गेल्यासारखंही वाटलं. जुन्या प्रेमात झुरणारा नवरा तिला खुपत होता, पण तो जरा मोठा माणूस होता. हा समोर बसलेला साधा होता, घाबरलेला होता, आणि पूर्णपणे तिचा होता. तिने त्याचा रिकामा कप उचलला.

"चहा आणखी हवाय का?" तिने विचारलं.

एक तारखेला पुतळा मागच्या खोलीत गेला. ताईने स्वतः ओढत नेला. रफूवालीचं टेबल आलं, भिंग आलं, दोऱ्यांचा डबा आला, आणि उजव्या बाजूला चाकं लावलेलं मशीन. मालक येऊन बघून गेला. जावयाला दुसरीकडे बघायला सांगतो म्हणाला. सासूबाई आल्या नाहीत. त्यांनी निरोप पाठवला की गुडघे दुखतायत, आणि निरोपाबरोबर बसायला एक उशी पाठवली. कोणासाठी ते सांगितलं नव्हतं. ताईने ती डाव्या बाजूच्या खुर्चीवर टाकली.

नवरा सकाळपासून मापाची वही घेऊन उगाच पानं उलटत होता. रफूवाली आली तेव्हा तो म्हणाला, "या." ती म्हणाली, "हो." दोघांचं अकरा वर्षांनंतरचं बोलणं एवढ्यावर आटोपलं. त्यात एक 'या' होता, आणि एके काळी तो तिला 'ये' म्हणत असणार, हे धाकटीच्या कानाने टिपलं.

अकराच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ आले. धाकटीने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण नवऱ्याने पाहिलेलं दिसलं, कारण त्याचा हात वहीवर थांबला. म्हाताऱ्याने काउंटर ओलांडून सरळ त्याच्याकडे जाऊन एक राखाडी कोट पुढे केला. पाठीवर, खांद्याच्या खाली, खिळ्यात अडकून फाटावं तसा चांगला तीन बोटं फाटलेला.

"रफू पुन्हा सुरू झालं म्हणे," म्हातारा म्हणाला. "लाँड्रीवाल्याने सांगितलं. तुमच्याशिवाय मी कोणाच्या हातात दिला नसता. माझ्या लग्नातला शालूसुद्धा तुम्हीच वाचवलात, म्हणजे बायकोचा."

ताईची कात्री थांबली. ती ओळीच्या मध्ये थांबलेली धाकटीने पहिल्यांदा पाहिली. रफूवालीने मान वर केली नाही. तिचा धागा चालू होता, उभा, आडवा.

नवऱ्याने कोट हातात घेतला. फाटलेल्या जागेवर अंगठा फिरवला. त्याला ते कापड कळत होतं, तेवढं त्याला नेहमीच कळत असे. धाकटीला वाटलं, आता तो हसेल. त्याच्या ओठांची एक बाजू तशी हललीही. मग तो टेबल ओलांडून खिडकीपाशी गेला आणि त्याने कोट रफूवालीच्या समोर ठेवला, फाटलेली बाजू वर करून.

"हे तुमचं," तो म्हणाला.

मग म्हाताऱ्याकडे न वळता, खिडकीकडेच बघत त्याने सांगितलं, "मी रफू कधीच करत नव्हतो. ते यांचं काम होतं. शालूही यांनीच केला."

दुकानातली चौघंही त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघू लागली. इतक्या वर्षांची गोष्ट, जिच्यासाठी एक घर मोडलं, एक पिशवी दर सोमवारी चोरून बाहेर गेली, आणि तीन बायका तोंडं मिटून बसल्या, ती आता त्याच्यासमोर उघडी पडली होती.

म्हाताऱ्याने रफूवालीकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं.

"असं होय," तो म्हणाला. "गुरुवारपर्यंत मिळेल का?"

रफूवालीने भिंग खाली ओढलं, कोटाची दुमड उलटली, आतला धागा नखाने किंचित ओढून पाहिला.

"शुक्रवारी," ती म्हणाली.

धाकटीने नवं पावतीबुक उघडलं आणि पहिल्या पानावर शुक्रवार लिहिला.